एक जोडणी बाकी

जगातली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या प्रत्येक गोष्टीशी कुठल्या तरी अदृश्य धाग्याने बांधलेली असते, हे सत्य योगेंद्रला वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, भाद्रपदातल्या एका रविवारी सकाळी साडेदहा वाजता, कर्जतच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलापाशी बसून उमगलं. दहा पस्तीसला सॉफ्टवेअरने कळवलं की एक जोडणी बाकी आहे. चुका शून्य, इशारे शून्य, बाकी जोडण्या एक. त्याने चष्मा पुसला आणि तपासणी पुन्हा लावली. सॉफ्टवेअर आपल्या मतावर ठाम होतं. पडद्यावर बझरच्या पायापासून आयसी नावाच्या काळ्या चिपच्या नवव्या पायापर्यंत केसासारखी एक पांढरी रेघ तशीच होती, आणि बाकी सगळं इतकं नीट लागलेलं असताना ती रेघ ताटात पडलेल्या केसाइतकीच नजरेत भरत होती.

ते सॉफ्टवेअर सर्किटची पाटी आखण्यासाठीचं होतं. आधी आकृती काढायची, म्हणजे कुठल्या भागाचा कुठला पाय कुणाला जोडायचा ते सांगून टाकायचं. मग ते सगळे भाग पडद्यावर मांडायचे. मांडले की ज्या पायांची एकमेकांशी गाठ पडायला हवी आणि अजून पडलेली नाही, त्यांच्यामध्ये सॉफ्टवेअर आपणहून बारीक रेघा ओढून दाखवतं. सुरुवातीला पडदा नुसत्या रेघांनी भरलेला असतो. एकेक तांब्याची वाट आखत गेलं की एकेक रेघ विझते. योगेंद्रला हे विझणं फार आवडायचं. आयुष्यात इतरत्र असं कुठे होत नाही, आपण एखादी गोष्ट मार्गी लावली तरी तिची रेघ घरात कुणाच्या ना कुणाच्या तोंडी शिल्लक राहतेच, असं त्याला वाटायचं. पण ते तो हर्षलापाशी बोलला नव्हता.

"अहो, झालं का?" हर्षला कणकेची परात घेऊन उभी होती. "टेबल मोकळं करा. तीन रविवार झाले, मी ओट्यावर पोळ्या लाटतेय."

"एक राहिलंय."

"एकच ना? मग जाऊ दे की. टाकीला काय कळणार आहे?"

टाकीला खरोखरच काही कळणार नव्हतं. ती साडेसातशे लिटरची काळी प्लास्टिकची टाकी होती, आणि चौक गावाजवळच्या एका खेड्यात, त्याच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या घरामागे, न्हाणीघराच्या स्लॅबवर उभी होती. तिच्यात पाणी किती आहे हे खाली ओटीवर बसल्या बसल्या कळावं, एवढ्यासाठी हे सगळं चाललेलं होतं. तळाला पाणी असलं की लाल दिवा, निम्म्यावर पिवळा, भरली की हिरवा आणि वर बझर. सोळा पायांची एक आयसी, तीन दिवे, मूठभर रेझिस्टर. असलं सर्किट लोक व्हेरोबोर्डवर करतात आणि विसरून जातात. व्हेरोबोर्ड म्हणजे पोस्टकार्डाएवढी तपकिरी पाटी, जिच्या एका अंगाला तांब्याच्या समांतर पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीत इंचाच्या दहाव्या हिश्श्यावर एकेक भोक. पट्ट्या आधीच ओढून ठेवलेल्या. आपल्या हातात दोनच गोष्टी. नको तिथे पट्टी कापायची, आणि हवं तिथे वरून तारेचा तुकडा टाकून दोन पट्ट्या जोडायच्या. हे चौकटीच्या वहीत पेन्सिलीने होतं. योगेंद्र खालापूरच्या बाजूच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होता आणि सव्वीस वर्षं मुलांना तेच सांगत आला होता: चौकटीची वही आणा. पण मागच्या मे महिन्यात विभागप्रमुख सुप्रिया मॅडमनी या सॉफ्टवेअरची दोन दिवसांची कार्यशाळा घेतली, आणि प्रोजेक्टर अधूनमधून बंद पडतो म्हणून योगेंद्रला मागच्या रांगेत बसवून ठेवलं. प्रोजेक्टर दोन्ही दिवस एकदाही बंद पडला नाही. करायला काही नसल्यामुळे योगेंद्र शिकला. नंतर त्याच्या लक्षात आलं की या सॉफ्टवेअरला थोडं फसवलं तर ते व्हेरोबोर्डही आखून देतं. जाळी इंचाच्या दहाव्या हिश्श्याची ठेवायची, खालच्या थरावर फक्त आडव्या रेघा आखायच्या, त्या पट्ट्या. वरच्या थरावर फक्त उभ्या, त्या तारा. सहा थरांच्या पाट्या आखणाऱ्या त्या अवाढव्य यंत्रणेला आपण आडव्या-उभ्यावर आणून बसवलं याचं त्याला थोडं अप्रूप होतं. सुप्रिया मॅडमना त्याने दाखवलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "काका, हे भारी आहे. पण का?"

का, ते त्याने सांगितलं नाही. ते घरगुती होतं.

ते सुरू झालं अनंत चतुर्दशीला. सगळे गावी होते. गणपती अजून उठायचा होता, त्याची धाकटी बहीण समिधा केळीच्या पानावर नैवेद्य वाढत होती आणि योगेंद्र मागच्या दारी हात धूत होता. तेव्हा त्याला एक आवाज आला. मोठा नव्हता. बांबूवर चामड्याची चप्पल घसरते तसा, आणि मग थोडी शांतता. आबा शिडीच्या तिसऱ्या पायरीवरून खाली बसले होते. पडले म्हणावं असं काही नव्हतं. गुडघा खरचटला, धोतराला शेवाळ लागलं. ऐंशी पुरी झालेला माणूस जमिनीवर बसून शिडीकडे पाहत होता, आणि त्या पाहण्यात राग नव्हता की भीती नव्हती, नुसती कामात खंड पडल्याची कुरकुर होती. योगेंद्रच्या डोक्यात तो आवाज मात्र राहून गेला. पुढे कितीतरी दिवस कॉलेजात कुणी स्टूल सरकवलं तरी तो चटकन वळून बघायचा.

"आबा, कितीदा सांगितलं, वर चढू नका!" समिधा वाढणीची पळी हातात घेऊनच धावत आली होती.

"काम हाय वर."

"काय काम आहे?"

"हाय. आता त्या माकडांनी..."

"विषय बदलू नका! दादा, तू बघतोयस ना? रोज चढतात हे. गौराबाईंनी मला सांगितलं, दिवसातनं दोनदा चढतात. उद्या मणका मोडला म्हणजे?"

शेजारच्या गौराबाई कुंपणापलीकडून आबांना म्हणाल्या, "मी काय बोलली नाय हां, धाकलूभावोजी. मी आपलं इचारलं तवा सांगितलं."

विसर्जनाहून परत आल्यावर समिधाने निकाल दिला. दसऱ्यापर्यंत वाट पाहायची. तोवर आबांचं हे चढणं थांबलं नाही तर ती त्यांना कल्याणला घेऊन जाणार होती. नववा मजला, दोन लिफ्ट, नळाला चोवीस तास पाणी, आणि टाकी गच्चीवर कुलपात. तिने हे मायेने म्हटलं होतं आणि तेच जास्त वाईट होतं. आबांनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बघितलं असतं तर योगेंद्रला ते समजलं असतं. त्यांनी छताकडे बघितलं. कल्याणला आबा दोनदा राहून आले होते. दोन्ही वेळा चौथ्या दिवशी त्यांनी लिफ्टमधल्या माणसाला विचारलं होतं की जमीन कंच्या बटनाला हाय. ही गोष्ट समिधा विनोद म्हणून सांगायची.

परत येताना स्कूटरवर, हायवेच्या कडेच्या गॅरेजांच्या रांगेतून, योगेंद्र एकाच प्रश्नाशी थांबला होता: आबा वर का जातात? हा प्रश्न आबांना विचारावा, असं त्याच्या मनात आलं नाही असं नाही. आलं. पण त्याचं शिक्षण झालेलं होतं, आणि शिकलेला माणूस आधी विचार करतो. त्याला दोन उत्तरं सुचली. पहिलं सोपं होतं. आबांनी सगळा जन्म भाताच्या खाचरात पाणी फिरवण्यात घालवला; वरच्या खाचरातून खालच्यात, खालच्यातून शेजाऱ्याच्यात, किती सोडायचं, कुठे बांध घालायचा, कुठे फोडायचा. असा माणूस पाणी न बघता राहू शकत नाही. टाकी म्हणजे त्यांचं शेवटचं खाचर. खाली दिवा लावला की डोळ्यांची भूक भागेल आणि पाय शिडीवर जाणार नाही. दुसरं उत्तर जरा खोल होतं, आणि ते सुचलं तेव्हा योगेंद्रने स्कूटरचा वेग आपोआप कमी केला. बारा वर्षांपूर्वी ओढ्याकडची तीन खाचरं विकली होती. तिथे आता हिरव्या पत्र्याचं कुंपण होतं, आत दगडी पायऱ्यांचे बंगले, आणि दारावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी. जमिनीवरून कुंपणाच्या पलीकडचं दिसत नसे. टाकीवरून दिसत असेल का? म्हातारा रोज दोनदा आपली विकलेली जमीन बघायला चढत असेल का?

हे त्याला इतकं सुंदर वाटलं की त्याने ते मोजून पाहिलं. आयसीची जागा ठरवता ठरवता, सॉफ्टवेअरमध्येच एक नवं पान उघडून त्याने घर, न्हाणीघर, टाकी, गौराबाईंचं घर, कुंपण आणि खाचरं प्रमाणात आखली, आणि टाकीच्या माथ्यापासून खाचराच्या कोपऱ्यापर्यंत एक सरळ रेघ ओढली. रेघ कुठेही अडली नाही. अंतर सॉफ्टवेअरने मिलिमीटरमध्ये सांगितलं, दशांशचिन्हापुढे चार आकडे. म्हणजे दिसत होतं. रविवार सकाळच्या त्या उजेडात, कणीक मळण्याच्या आवाजात, योगेंद्र बराच वेळ त्या रेघेकडे पाहत बसला. आपल्या बापात एवढं काही असेल ही शंका त्याला आधी आली नव्हती. त्याला बापाची उत्सुकता वाटू लागली, जशी नव्या आयसीच्या पायांची वाटते: हा एक पाय कशाचा, आणि हा मोकळाच कसा सोडलाय? पण दुसरं उत्तर खरं असेल तर दिव्यांचा उपयोग नव्हता, आणि दिवे तर आखून झाले होते. म्हणून त्याने पहिल्या उत्तरावर काम पुढे चालू ठेवलं आणि दुसरं नुसतं बाळगलं.

राहिलेली जोडणी पुढच्या तीन संध्याकाळी खाऊन गेली. एका पट्टीवर दोन परके पाय येऊन बसत होते, आणि तार टाकायला सरळ उभी वाट मिळत नव्हती. तिरकी तार टाकता आली असती. प्रयोगशाळेत मुलं सर्रास टाकतात. पण तिरक्या तारेचं त्याला का कोण जाणे वाईट वाटत होतं. शेवटी गुरुवारी त्याने सबंध आयसी एक भोक डावीकडे सरकवली आणि ती रेघ पटकन विझली. बाकी जोडण्या शून्य. तो उठून बाल्कनीत गेला. समोर माथेरानचा डोंगर ढगात होता, खाली कोणी टेंपो मागे घेत होतं, आणि बराच वेळ कोणालाही त्याच्याकडून काहीही नको होतं.

त्याच गुरुवारी गावातल्या कान्हा प्लंबरचा फोन आला. टाकीत तीन वायरी सोडायचं काम योगेंद्रने त्याला दिलं होतं, कारण योगेंद्रचा गुडघा शिडीवर दुखायचा. बाकी जिन्यावर, गाडीवर, चालताना तो दुखत नसे. "सोडल्या वायरी," कान्हा म्हणाला. "तुमी म्हनलात तशा, एक तळाला, एक मदी, एक वर. झाकणावर दगुड परत ठेवलाय." योगेंद्रने त्याला विचारलं, वरून खाचरं दिसतात का? "मी वायरी बगत व्हतो, साहेब," कान्हा म्हणाला.

पुढच्या रविवारी तो सगळं सामान घेऊन गावी गेला. छापील आराखडा, कोरा व्हेरोबोर्ड, सोल्डरिंग आयर्न, कथिल, तारेचं बंडल, आणि पट्ट्या कापायला हाताने फिरवायचं गिरमिट. ओटीवर चटई टाकून तो बसला. आबा समोर पाटावर बसून सुपारी कातरत होते आणि मुळीच उत्सुकता नसल्यासारखं बघत होते. छापील कागद समोर ठेवून योगेंद्रने पाटी पालथी केली, तांब्याची बाजू वर घेतली, डावीकडून नऊ भोकं मोजली आणि गिरमिट टेकवलं. आठ पट्ट्या, आठ छेद, सगळे नवव्या भोकावर, एका खाली एक. तांब्याचा बारीक कीस चटईवर पडत होता. मग पाटी उलटून आयसी बसवली, रेझिस्टर, तारा, दिवे. दीड तासाने बॅटरी लावली. एकही दिवा लागला नाही. त्याने आयसीवर बोट ठेवलं आणि लगेच उचललं.

"तापली?" आबा म्हणाले.

"तापली."

"आण हिकडं."

आबांनी पाटी हातात घेतली. त्यांची बोटं थरथरत होती, पण ती हल्ली कायमच थरथरायची. त्यांनी ती सुलटी धरली, मग उलटी, मग पुन्हा सुलटी; उजेडाकडे धरून भोकांमधून पलीकडे पाहिलं. "या पट्ट्या म्हंजे खाचरं," ते म्हणाले. विचारलं नव्हतं, सांगत होते. "आन हे बांध."

"हो. छेद. तिथे करंट अडायला हवा, आयसीच्या दोन रांगांच्या मधे."

"मदी कुठं हायत? कागदावर किती म्हनलंय?"

"नववं भोक. डावीकडून."

"कंच्या डावीकडनं रं?" आबांनी पाटी पालथी केली. "कागुद वरनं बगून काडलास. खणलंस खालनं. उलटी केली की तुजी डावी तिकडं गेली न्हवं? तुजे बांध पार त्या टोकाला पडलं, योग्या. पानी मदीच मिसळतंय."

योगेंद्रने मोजलं. चोवीस भोकांची पट्टी. खालून नववं म्हणजे वरून सोळावं. सोळाव्या भोकापाशी आयसी नव्हती, काहीच नव्हतं. आठ नीटनेटके छेद रिकाम्या जागेत उभे होते. सॉफ्टवेअरमध्ये पाटी उलट बाजूने दाखवायचं एक बटण होतं. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी चहानंतर सुप्रिया मॅडमनी ते दाखवलं होतं. त्या वेळी योगेंद्र प्रोजेक्टरकडे लक्ष ठेवून होता.

आबा हसत होते. तोंडात दात कमी होते म्हणून ते हसणं आवाजाविना, नुसतं खांद्यांतून चाललं होतं. "आठवतंय का? इठूचं खाचर?"

आठवत होतं. तो बारा वर्षांचा होता. लावणीचे दिवस, गुडघाभर चिखल, आणि वरून आबा ओरडले होते: उजवीकडचा बांध फोड. तो खालच्या बांधावर आबांकडे तोंड करून उभा होता. त्याने आपल्या उजवीकडचा फोडला. पाणी मोकळं झाल्यावर जो आवाज करतं तो, गळ्यातून काहीतरी सुटल्यासारखा, त्याला अजून ऐकू यायचा. पायाखालची माती वाहत गेली तसं त्याला आधी आनंदच झाला होता, इतकं ते पटकन जमलं होतं. विठूकाकांची आदल्या दिवशी लावलेली रोपं उभ्या उभ्या तरंगायला लागली तेव्हा त्याला कळलं. विठूकाका आले, कमरेवर हात ठेवून आधी पाण्याकडे आणि मग त्याच्याकडे बघितलं. "धाकलूदादा, हुशार हाय तुजा पोर. घरचं सोडून गावाचं बगतो. याला साळंतच ठेव." आबा त्या दिवशी ओरडले नव्हते. त्यांनी दोन दिवस विठूकाकांच्या खाचरात लावणी केली, आणि योगेंद्रला खरोखरच साळंत ठेवलं. आपलं सगळं शिक्षण त्या फुटलेल्या बांधातून आलं, असं कधीतरी आपल्या निरोपसमारंभाच्या भाषणात म्हणावं असं योगेंद्रने ठरवून ठेवलं होतं. चाळीस वर्षांनी तेच झालं होतं, फक्त या वेळी बांध फोडायचा नव्हता, घालायचा होता.

चुकीचे आठ छेद कथिलाने बुजवले. नवे आठ छेद बरोबर बाजूला पाडायचे तर आयसी काढावी लागणार होती; ती काढली, पाडले, पुन्हा बसवली. आबा आता चटईवर सरकून आले होते आणि प्रत्येक छेदाआधी "हां" म्हणत होते. त्यांचं "हां" ऐकल्याशिवाय योगेंद्र गिरमिट फिरवत नव्हता. हे दोघांच्याही लक्षात आलं असावं. साडेबाराला बॅटरी लावली आणि वायरी जोडल्या. पिवळा दिवा लागला. मोटर सुरू केली. पंधरा मिनिटांनी हिरवा लागला आणि बझर असा काही ओरडला की गौराबाई कुंपणाशी आल्या.

"काय झालं वो?"

"टाकी भरली," आबा म्हणाले. "योग्यानं यंत्र केलंय. हितं बसून कळतंय." आणि मग, जरा थांबून, "झ्याक केलंय."

सव्वीस वर्षांत योगेंद्रने इतरांची सर्किटं चालू करून दिली होती, आणि चालू झाल्यावर मुलं एकमेकांच्या पाठीवर थाप मारत. झ्याक हा शब्द त्याच्या वाट्याला कधी आला नव्हता. त्याने तो न दाखवता घेतला. समिधाला एका ओळीचा निरोप पाठवला: झालं. मग दोघं मिळून भात आणि सुकटीचं कालवण जेवले, आबांनी ताटात पाणी ओतून ताट मोरीत ठेवलं, योगेंद्र हात पुसत मागच्या दारी आला. आबा शिडीच्या चौथ्या पायरीवर होते.

तो आवाज पुन्हा झाला नाही. पण योगेंद्र धावत शिडीपाशी गेला.

"आबा! हिरवा लागलाय की! भरलीय टाकी!"

"म्हाइत हाय," आबा वरून म्हणाले. "दिसतंय की. मी काय आंधळा हाय?"

म्हणजे दुसरं उत्तर. योगेंद्रला एकदम खूप दमल्यासारखं वाटलं आणि त्याखाली, नाकारता न येण्यासारखं, थोडं बरंही वाटलं; रेघ बरोबर ओढली गेली होती. आता दसऱ्याचं काय, समिधाला काय सांगायचं, की म्हातारा जमीन बघायला चढतो? कल्याणच्या नवव्या मजल्यावरून तर काय काय दिसेल, ती म्हणेल. "खाली या," तो म्हणाला. "मी जातो. तुम्ही खाली या आधी."

"तुजा गुडघा?"

"या म्हणतो ना."

आबा उतरले. योगेंद्र चढला. शिडीला अकरा पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरी हाताखाली गोल आणि गुळगुळीत, आणि डावीकडे, जिथे आबांचा हात जात असेल तिथे, जास्त गुळगुळीत. सहाव्या पायरीवर त्याने खाली बघितलं आणि नवव्यापर्यंत कुठेच बघितलं नाही. मग तो स्लॅबवर गुडघ्यांवर आला आणि डोकं वर करून ओढ्याच्या दिशेला पाहिलं.

फणस दिसत होता. गौराबाईंचा फणस, भरगच्च, हिरवागार, अगदी समोर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो आराखड्यात घालायचा राहिला होता. त्याच्या पलीकडे खाचरं, कुंपण, बंगले असतील तर असोत. इथून एक पत्राही दिसत नव्हता. योगेंद्रने मान डावीकडे केली, उजवीकडे केली, टाकीला धरून उभा राहिला. फणस.

मग त्याने टाकीकडे पाहिलं. झाकण अर्धं सरकलेलं होतं. बाजूला आईचा वरवंटा आडवा पडला होता. पाण्यात दोन फणसाची पानं आणि एक अर्धी खाल्लेली काकडी तरंगत होती. गौराबाईंच्या पत्र्यावर चार माकडं रांगेत बसली होती, आणि ऑफिसात मधेच कुणी परका शिरल्यावर लोक बघतात तशी त्याच्याकडे बघत होती.

"लावलंस का झाकाण?" खालून आबा. "वरवंटा ठेव वर. नीट मदी ठेव, कडंला ठेवला की ढकलतात."

"रोज उघडतात?"

"दिसातनं दोन येळा. पावसात माथेरानला पावणे नसतात, मंग ही खाली येतात. श्रावणात एक पिल्लू पडलं व्हतं आत. बांबूनं काडलं मी. त्याची आय तुज्या त्या जागेवर बसून वराडत व्हती."

"मग सांगायचं नाही का, आबा?"

"सांगत व्हतो की गनपतीत. समी म्हनली, इषय बदलू नका."

योगेंद्रने काकडी काढून फेकली. एक माकड खाली उतरलं आणि ती उचलून घेऊन गेलं. "याला कडी नसते का?" तो म्हणाला. "झाकणाला?"

"हाय की. पिशवीत. टाकी आनली तवाच दिली त्येंनी. तूच म्हनलास, पुढल्या आयतवारी बसवतो."

टाकी चार वर्षांपूर्वी आणली होती, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. योगेंद्रने स्लॅबवर बसून रविवार मोजायला सुरुवात केली आणि दोनशेच्या जवळ आल्यावर सोडून दिलं. "आठवण तरी करायची," तो म्हणाला, पण हे तो जरा हळू म्हणाला.

"मीच बसवनार व्हतो. पन हात कापतो, तो इस्क्रू बोटात ऱ्हात नाय." आबा शिडी धरून उभे होते, दोन्ही हातांनी, जणू तीच थरथरत होती. "आन तू येतोस तवा घाईत असतोस."

पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला लटकत होती. आत हमीपत्र, एक कडी, दोन स्क्रू. योगेंद्र ती घेऊन पुन्हा चढला. या वेळी त्याला पायऱ्या मोजाव्या लागल्या नाहीत. स्क्रूसाठी भोकं त्याच गिरमिटाने पाडली. बाजू कुठली, ते त्याने आधी खाली विचारून घेतलं. माकडांपैकी थोरलं एक जवळ येऊन बघून गेलं, झाकणाला हात लावला, ओढलं, पुन्हा ओढलं, आणि परत पत्र्यावर जाऊन बसलं.

संध्याकाळी, निघायच्या वेळी, समिधाचा फोन आला. "दादा, काय झालं? चालतंय?"

"चालतंय."

"आणि आबा? चढणार नाहीत ना आता?"

"नाही."

"नक्की? म्हणजे दसऱ्याला मी खोली आवरून ठेवू नको?"

"नको."

"बघ," समिधा म्हणाली, आणि तिच्या आवाजात खरंच कौतुक होतं, "तुझं ते कॉम्प्युटरवरचं कधीतरी उपयोगी पडेल असं मी म्हणतच होते."

योगेंद्रने ते दुरुस्त केलं नाही. ओटीवर हिरवा दिवा लागलेला होता. आबा दिव्याकडे पाठ करून सुपारी कातरत होते.

कडी प्लास्टिकची होती, आणि ती बसवायला नऊ मिनिटं लागली.